बेरीज जुळली होती

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या करवीर वाणिज्य अध्ययन संस्थेचे संचालक डॉ. विजयसिंह सरनोबत, ऐन कामाच्या दिवसांत वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, सनदी लेखापाल श्री. अमरसिंह इंगवले, व्यासपीठावरचे माझे सहकारी, कार्यालयातली मंडळी, माझे आजी-माजी विद्यार्थी, आणि मागं दाराशी उभे असलेले ते दोघं... या, पुढं या, खुर्च्या रिकाम्या आहेत. कोल्हापुरात पावण्यानं दारात उभं राहायचं नसतं. आपणा सर्वांना यज्ञेश्वर आजरेकरचा नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत आधी सत्कार आणि मग सत्कारमूर्तींचं मनोगत, असा क्रम छापलेला आहे. मी सूत्रसंचालन करणाऱ्या ऋता मॅडमना विनंती करून तो उलटा करून घेतला. त्या म्हणाल्या, "सर, असं कधी करत नाहीत." खरं आहे. एकतीस वर्षं मी सगळं क्रमानं केलं आणि क्रमानंच शिकवलं. आधी रोजकीर्द, मग खतावणी, मग तेरीज. आज शेवटच्या दिवशी एवढा एक क्रम मोडला, त्याचं कारण बोलता बोलता येईल. तोपर्यंत ती शाल, ते श्रीफळ आणि तो फेटा तिथंच टेबलावर असू दे. फोटोवाल्या दादांनीही जरा बसून घ्यावं.

माझ्याआधी चार जण बोलले. चौघांनी मिळून माझं इतकं कौतुक केलं की माझ्या घरच्या माणसांना, हे नेमकं कुणाबद्दल चाललंय, असा प्रश्न पडला असेल. इंगवले साहेब माझे जुने विद्यार्थी. त्यांनी सांगितलं की त्यांच्या ऑफिसात हिरव्या पेन्सिलीच्या खुणेला अजून 'आजरेकर टिक' म्हणतात. ऐकून बरं वाटलं. अध्यक्ष महाराज म्हणाले, "सरांच्या हातून एकतीस वर्षांत एकही चूक झाली नाही." त्यावर टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून बसलो होतो, तो तुम्हाला विनय वाटला असेल. विनय नव्हता तो.

आता थोडं जुनं सांगतो. म्हातारा होणाऱ्या मास्तराला तेवढी सवलत असते.

दरवर्षी एम. कॉम.च्या पहिल्या तासाला मी फळ्यावर एक तेरीज, म्हणजे ट्रायल बॅलन्स, लिहीत असे. डावी बाजू, उजवी बाजू, खाली दोन्हीकडं सारखी बेरीज. मग खडू खाली ठेवून विचारायचो, "हिशेब बरोबर आहे का?" सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, "व्हय सर!" आपली पोरं जोरात बोलतात, खिडकीतली कबुतरं उडायची. मग मी त्यांना दाखवायचो की एका खात्यात जेवढं कमी लिहिलंय तेवढंच दुसऱ्या खात्यात जास्त लिहिलंय. एका चुकीनं दुसरी चूक झाकली. पुस्तकात याला भरपाईची चूक म्हणतात. मी म्हणायचो, "बाळांनो, तेरीज जुळली म्हणजे फक्त बेरीज जुळली. हिशेब बरोबर आहे की नाही ते अजून कुणाला माहीत नाही."

एकतीस वर्षांत एकदाच एका मुलानं "व्हय सर" म्हटलं नाही. पंच्याण्णव सालची बॅच. पहिल्या बाकावर बसायचा, सडपातळ, पांढरा शर्ट. तो उभा राहून म्हणाला, "सर, एवढी गोळाबेरीज जुळलीय, म्हणूनच मला संशय येतोय." मी त्याला खिशातलं पेन काढून दिलं. तो मुलगा आज आपल्या समारंभाचा अध्यक्ष आहे. टाळ्या वाजवा की! विजयसिंह, ते पेन अजून आहे का हो तुमच्याकडं? आहे? छान. जवळ असू द्या.

आता मे महिन्यात येतो.

एम. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला प्रोजेक्ट असतं, शंभर गुणांचं, आणि त्याची व्हायव्हा म्हणजे तोंडी परीक्षा असते. बाहेरून एक परीक्षक येतात, इकडून मी. यंदा बावीस मुलं होती. व्हायव्हाच्या वेळी माझी एक पद्धत आहे, आणि तिचा मला मोठा अभिमान होता. मी गुणांच्या कागदावर मुलाचं नाव किंवा नंबर लिहीत नाही. मूल आत येईल त्या क्रमानं पेन्सिलनं गुण लिहितो, आणि शेजारी प्रोजेक्टबद्दल दोन शब्द. नाव लिहिलं की गाव विचारलं जातं, गाव कळलं की आडनाव, आणि आडनाव कळलं की पाहुणा निघतोच. आपल्या जिल्ह्यात सगळेच सगळ्यांचे पाहुणे! म्हणून मी नावाला फाटा दिला. मुलं हजेरीच्या क्रमानं आत यायची, आणि त्याच क्रमानं आम्ही संध्याकाळी गुणपत्रक भरायचो. मी चिठ्ठीवरचे गुण मोठ्यानं वाचायचो, आमचे कार्यालयातले गुंडूअण्णा भरायचे. मग दोघं मिळून बेरीज मारायची. जुळली की सही आणि चहा. चोवीस वर्षं आम्ही दोघं हे करतोय.

त्या दिवशीही तसंच केलं. बावीस मुलांचे मिळून एक हजार चारशे बारा गुण. चिठ्ठीवर तेवढेच, गुणपत्रकावर तेवढेच. मी सही केली. गुंडूअण्णा म्हणाले, "जुळलं की सर, एका दमात." आम्ही चहा घेतला.

त्या दुपारची एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. सांगण्यासारखी ती कुणालाच वाटली नाही. अकरा नंबरची मुलगी दाराबाहेर बसली होती. बारा नंबरचा मुलगा तिला म्हणाला, "मला गाडी हाय मुरगूडची, दूध घ्यायला संध्याकाळी डेअरीत उभं राहावं लागतंय. मला आधी जाऊ देतीस?" ती म्हणाली, "जा की." एवढंच. तो आधी आत आला, ती नंतर. माझ्या चिठ्ठीवर अकराव्या ओळीत त्याचे गुण आले आणि बाराव्या ओळीत तिचे. संध्याकाळी मी वाचले, गुंडूअण्णांनी हजेरीच्या क्रमानं भरले, आणि बेरीज जुळली.

तिनं आपला नंबर त्याला दिला, आणि मी तिचे गुण त्याला दिले.

सभागृहात आता जरा कुजबुज सुरू झाली आहे. असू दे. ऋता मॅडम, तुमच्या हातात घड्याळ आहे, मला दिसतंय. माझाही डोळा त्या भिंतीवरच्या घड्याळावरच आहे.

निकाल लागला वीस जूनला. मी निकालाची टक्केवारी पाहिली, आणि कुणाचा काय लागला हे न पाहता कागद फाइलला लावला. दुसऱ्या दिवशी ती मुलगी माझ्या खोलीत आली. तेजस्वी तिचं नाव, कोडोलीची. उभी राहिली. म्हणाली, "सर, माझं काही चुकलंय का? बाकी सगळ्या विषयांत मी पहिली हाय. प्रोजेक्टला चौतीस पडल्यात. पास व्हायला चाळीस लागतात."

मी चष्मा वर केला. तिच्याकडं पाहिलं. आणि लोकहो, खोटं बोलत नाही, त्या क्षणी माझ्या कानात काहीतरी वाजलं. व्हायव्हात एक मुलगी गुऱ्हाळावर फार सुंदर बोलली होती. तिनं नऊ गुऱ्हाळांचा सबंध हंगामाचा खर्च मांडला होता, आणि ती म्हणाली होती, "सर, चिपाडं वाळत घालणाऱ्या घरच्या बायकांची मजुरी कुठल्याच गुऱ्हाळाच्या खर्चात लागत न्हाय. घरच्याच म्हणून धरत न्हाईत." बाहेरचे परीक्षक माझ्याकडं वळून बघायला लागले होते. हे सगळं मला आठवत होतं. पण माझा माझ्या कानांपेक्षा माझ्या कागदावर विश्वास. मी गुणपत्रक काढलं, तिला एक हजार चारशे बारा दाखवले आणि म्हणालो, "बेरीज जुळली आहे, बाळ. मी स्वतः तपासली आहे."

ती म्हणाली, "व्हय सर." आणि गेली.

एकतीस वर्षं ज्या उत्तराला मी हसलो, ते उत्तर त्या दिवशी मी तिच्या तोंडून काढून घेतलं. निकालाविरुद्ध तक्रार करायला आपल्याकडं पंधरा दिवस असतात. तिनं केली नाही. का करेल? शिकवणाऱ्यानंच सांगितलं ना, बेरीज जुळली आहे! पंधरा दिवस गेले.

जुलैच्या शेवटी तिचे वडील आले. आकाराम त्यांचं नाव. तीन तास माझ्या खोलीबाहेर बसले होते, मी तासावर होतो. मला वाटलं भांडायला आलेत. मी आधीच आवाज चढवून ठेवला. माणसाला आपली चूक आतून कळलेली असली की तो आधी आवाज चढवतो. ते उभे राहिले, टोपी काढली आणि काय म्हणाले, ते मी त्यांच्याच शब्दांत सांगतो.

"सर, पोरगी नापास झाली म्हणून भांडाय आलो न्हाय. नापास व्हतंय माणूस. पर म्हैना झाला, ती घरात बोलंना झालीया. जेवायला बस म्हटलं की बसतीया, उठ म्हटलं की उठतीया. पुण्याची नोकरी लागलीती तिला, त्ये बी कुणाला सांगंना. मला ह्यातलं काय कळत न्हाय. तिचं काय चुकलं, तेवढं सांगा. सांगितलंसा की ती परत लिवंल."

तिचं काय चुकलं, तेवढं सांगा. मी काय सांगणार होतो?  त्यांना चहा पाजून लावून दिलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी टेबलाचा खालचा खण उघडून व्हायव्हाची चिठ्ठी काढली. बाराव्या ओळीत चौऱ्याऐंशी, शेजारी माझ्याच अक्षरात लिहिलेलं: 'गुऱ्हाळ. उत्तम.' अकराव्या ओळीत चौतीस. शेजारी: 'दूध. उसनं.' गुणपत्रकावर हेच दोन आकडे उलटे. बेरीज अर्थातच तीच.

दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून मी ओळीवर ओळ बोटानं लावून पाहिली.  पहिल्या तासाला जे शिकवतो, ते मला शेवटच्या वर्षीही आलं नाही. आणि त्याची किंमत कुणी दिली? जिनं दुसऱ्याची गाडी चुकू नये म्हणून आपला नंबर दिला, तिनं.

माइक जरा वर करता का कुणी? हां, आता बरं आहे. 

मी दुसऱ्याच दिवशी संचालकांकडं दुरुस्तीचा अर्ज दिला. आता इथं अध्यक्षांची बाजू मला मांडली पाहिजे, कारण ते स्वतः मांडणार नाहीत. त्यांनी मला परीक्षा नियमावलीतलं कलम सात दाखवलं. 'निकाल जाहीर झाल्यावर, बेरीज जुळत असलेल्या गुणपत्रकात कोणताही बदल केला जाणार नाही.' किती स्वच्छ वाक्य आहे! वाचताच ओळखलं. मीच लिहिलंय ते, दोन हजार नऊ साली. त्या काळात निकाल लागला की फोन यायचे. अमक्याचा भाचा आहे, तमक्याची सून आहे, चार गुण इकडचे तिकडं करा. त्या फोनांना दार बंद करायला मी हे कलम लिहिलं. त्या दाराला मी एकच फट ठेवली होती. अंतर्गत परीक्षकानं सेवेत असताना आपली चूक लेखी कबूल केली, आणि संचालकांनी सही केली, तर दुरुस्ती होऊ शकते. तेव्हा बैठकीत सगळे हसले होते. म्हणाले, "आजरेकर सर, आपली चूक लिहून देणारा मास्तर कोल्हापुरात जन्माला यायचाय." मीही हसलो होतो.

पहिल्या अर्जावर शेरा आला: पेन्सिलचा कागद पुरावा धरता येत नाही. दुसऱ्यावर: बारा नंबरच्या विद्यार्थ्याचा निकाल बदलल्यास तो न्यायालयात जाईल. तिसऱ्यावर: समितीपुढे ठेवावे. समिती बसणार सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. आणि मी सेवेत आहे आज पाच वाजेपर्यंत. त्यानंतर माझ्या कबुलीला रद्दीचाही भाव नाही. ही मेख अध्यक्षांना कळत नाही असं नाही. माझ्याच वर्गातला पहिला आलेला विद्यार्थी आहे तो.

गेल्या सोमवारी ते मला त्यांच्या खोलीत म्हणाले, आणि मनापासून म्हणाले, हे मी शपथेवर सांगतो, "सर, पुढच्या महिन्यात संस्थेच्या मूल्यांकनाची माणसं येणार आहेत. आणि निवृत्तीच्या आठवड्यात तुमच्या नावाला डाग कशाला? मुलगी हुशार आहे, पुढच्या वर्षी पुन्हा प्रोजेक्ट देईल. तुमची एकतीस वर्षं पुन्हा मिळायची नाहीत." माझ्यावरच्या मायेनं बोलत होते ते. त्या मायेनं दिलेला चहा पिऊन मी बाहेर आलो. भित्रा आहे मी, दुसरं काय! आयुष्यभर मुलांना धाक दाखवणारा माणूस बहुतेक भित्राच असतो.

ऋता मॅडमची चिठ्ठी आली. 'सर, आटोपतं घ्यावं, पाहुण्यांना सांगलीला जायचं आहे.' इंगवले साहेब, माफ करा. तुम्ही ऑडिटवाले, अर्धवट कागद सोडून तुम्हाला उठता यायचं नाही. पाचच मिनिटं.

काल दुपारी माझ्या घराची बेल वाजली. दारात बारा नंबरचा मुलगा. ऋतुराज, मुरगूडचा. आज तो इथं आहे, तिसऱ्या रांगेत, हाफ डे टाकून आलाय. ऋतुराज, मान वर कर. तुझ्याबद्दल वाईट बोलणार नाही मी. त्याला मी निरोप दिला नव्हता. गुंडूअण्णांनी दिला होता, मला न विचारता. चोवीस वर्षांत गुंडूअण्णांनी माझ्या सांगण्याबाहेर केलेलं हे एकच काम, आणि तेच सगळ्यात चांगलं. गुंडूअण्णांनाही ह्या चुकीनं झोप नाही. त्यांनी मला विचारलं होतं, "सर, तुम्ही वाचलासा, मी भरलो. मग ह्यात माझं किती आन् तुमचं किती?" मी म्हटलं, सही माझी आहे, सगळं माझं.

ऋतुराज दारात चप्पल काढून उभा राहिला आणि म्हणाला, "सर, माझं प्रोजेक्ट चौतीसचंच हुतं. मला ठावं हाय की. कुठनं कुठनं उतरवून काढल्यालं. निकालात चौऱ्याऐंशी बघितलं तवा मलाबी कळंना. पर तवर आईनं गल्लीत पेढं वाटून झालतं. पेढं वाटल्यावर तोंड उघडंना, सर." मग खिशातून कागद काढला. "माझे गुण चौतीस करावेत, माझी हरकत नाही, मी कुठंही दाद मागणार नाही." खाली सही, तारीख, पत्ता. ज्या दूध संस्थेत तो हिशेब लिहितो, तिथल्या चेअरमनना त्यानं आधीच सांगून टाकलंय. नोकरी राहील की जाईल, त्याला माहीत नाही. जाताना म्हणाला, "तिनं मला आधी जाऊ दिलंतं, सर. आता तिचा नंबर की."

आमच्या पिढीला जे दोन महिन्यांत जमलं नाही, ते तेवीस वर्षांच्या पोरानं एका कागदात लिहून दिलं.

आणि दाराशी उभे असलेले ते दोघं, ज्यांना मी पुढं या म्हटलं आणि जे अजून पुढं आले नाहीत, ते आकाराम आणि तेजस्वी. ते माझ्या निरोपाला आलेले नाहीत. त्यांनी का यावं? मी त्यांना बोलावलंय. परवा सकाळी दहा वाजता पुण्यातल्या त्या लेखापरीक्षण फर्ममध्ये तिला हजर व्हायचं आहे. त्यांनी दोनदा मुदत वाढवून दिली, तिसऱ्यांदा देणार नाहीत. नवी गुणपत्रिका लगेच नसली तरी चालेल, संचालकांच्या सहीचं दुरुस्तीपत्र द्या, असं त्यांनी लेखी कळवलंय. म्हणजे एक सही. बाकी सगळं झालेलं आहे.

हा अर्ज. चौथा. ही माझी कबुली, पेननं लिहिलेली, पेन्सिलनं नाही. ही चिठ्ठी. हे ऋतुराजचं पत्र. इथं तीन रकाने आहेत. परीक्षक, माझी सही झाली. कार्यालय, गुंडूअण्णांची सही झाली. तिसरा रकाना रिकामा आहे.

विजयसिंह, आता मी तुला अहो-जाहो करत नाही. सभेचा शिष्टाचार मोडतो, त्याबद्दल मंडळींनी राग मानू नये. बाळा, मी तुला नियम शिकवले. एवढे पक्के शिकवले की तू माझ्याच नियमानं मला अडवलंस, आणि पेपर तपासायला घेतला तर मला तुला पूर्ण गुण द्यावे लागतील. पण तीस वर्षांपूर्वी तू पहिल्या बाकावरनं जे बोललास ते मी तुला शिकवलं नव्हतं. ते तुझं तूच बोलला होतास. माझं नाव राखायचं म्हणतोस? अरे, माझं नाव राहील, तिचं वर्ष जाईल. आणि वर्ष तरी एकच कसलं? 'तू नापास आहेस' हे खोटं ती आयुष्यभर खरं मानून चालेल. आपल्या कामावर तिचा विश्वास राहणार नाही. कारण मी सांगितलं, बेरीज जुळली आहे.

मूल्यांकनाची माणसं येतील तेव्हा सांग त्यांना, आमच्याकडं एका मास्तरानं चूक केली आणि आम्ही ती दुरुस्त केली. नाव घेऊन सांग. लाज वाटून घेऊ नकोस, लाज माझी आहे.

मी हात जोडतो. चारचौघांत मास्तरानं विद्यार्थ्यापुढं हात जोडू नयेत, हे मला कळतं. बंद खोलीत तीनदा जोडून झालेत, म्हणून इथं जोडतोय. दुसरा दरवाजा मला उरलेला नाही. हे भाषण संपलं की माझ्याजवळ काही उरणार नाही.

आता आभार. ते राहून गेले तर लोक म्हणतील, आजरेकर जाता जाता रीत विसरला.

गुंडूअण्णा, तुमचे आभार, चोवीस वर्षांच्या चहाचे आणि त्या एका निरोपाचे. ऋता मॅडम, तुमचे आभार, तुम्ही क्रम मोडू दिलात. इंगवले साहेब, सांगलीला उशीर झाला, त्याबद्दल आभार आणि दिलगिरी दोन्ही. ऋतुराज, तुझे आभार मानायला मी लहान आहे. तुझं नवं प्रोजेक्ट मी घरी बसून तपासून देईन, फुकट, पण उतरवून आणलंस तर हिरव्या पेन्सिलनं सोलून काढीन. माझ्या सर्व विद्यार्थ्यांचे आभार. तुम्ही मला फार मोठं समजलात, तेवढा मी नव्हतो. आकाराम, तुमचा मी अपराधी आहे. तुम्ही विचारलंत, तिचं काय चुकलं. उत्तर द्यायला मला महिना लागला. तिचं काही चुकलं नाही. जे चुकलं ते माझं चुकलं.

आणि रीतीप्रमाणे एक शेवटचं. बोलण्याच्या भरात अधिक-उणं बोललो असेन, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर ते सगळं तुम्ही मोठ्या मनानं पोटात घाला. फक्त अकरा नंबरची ती ओळ पोटात घालू नका. त्या चुकीला मला माफी नको, दुरुस्ती हवी.

ती शाल राहू द्या, ऋता मॅडम. मी अजून घेत नाही. हा अर्ज अध्यक्षांपुढं ठेवतोय, पेन त्यांच्या खिशात आहे. पाच वाजायला वीस मिनिटं आहेत, आणि मी इथंच उभा आहे.

तेजस्वी, ये बाळ, पुढं ये. आज आधी तुझा नंबर. माझा नंतर.